तुंबलेलं सिंक

मी लॅबच्या दारात पोचले तेव्हा प्लंबरमामा सिंकखाली आडवे झाले होते आणि हॅकसॉचं पातं जुन्या पितळी ट्रॅपवर, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या नळीवर, टेकलं होतं. "मामा, थांबा! घासू नका," एवढंच तोंडातून निघालं.

त्या सिंकमध्ये आम्ही वर्षानुवर्षं सोडियम अझाइड घातलेले बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारी द्रावणं, ओतत आलो. जंतू वाढू नयेत म्हणून बफरमध्ये ०.०२ ते ०.१ टक्के अझाइड असतं. "एवढंसं तर आहे, वर भरपूर पाणी सोड," हे मला सीनियर्सनी शिकवलं, मी पुढच्यांना शिकवलं. चूक होतं ते. पाणी निघून जातं, पण थोडं अझाइड तांब्या-शिशाला धरून पाइपच्या आत बसत जातं. सोडियम अझाइड नुसत्या ठोक्यानं सहसा फुटत नाही, पण तांब्याचं किंवा शिशाचं अझाइड घासलं तरी फुटू शकतं. शिशाचं तर डिटोनेटरमध्ये वापरतात. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेनं १९७६ सालीच पाइपांबद्दल हा इशारा दिला होता.

मामांच्या चिठ्ठीवर फक्त 'सिंक तुंबलं' लिहिलेलं. आमची सगळी सुरक्षा प्रशिक्षणं ॲप्रन घालणाऱ्यांसाठी. पाइप कापणाऱ्याला कुणी बोलावत नाही. याचा मला अजून राग येतो.

ट्रॅपमधलं पाणी रबरी नळीनं ओढून घेतलं, आत १० टक्के कॉस्टिक सोडा भरला आणि सोळा तास कुणालाही नळ उघडू दिला नाही. दुसऱ्या दिवशी तेही नळीनंच काढलं आणि पाइप पाण्यानं धुतला. काढलेल्यातले दोन थेंब फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढणाऱ्या बंदिस्त कपाटात) किंचित आम्लधर्मी करून त्यावर फेरिक क्लोराइड टाकलं. पांढऱ्या टाइलवर रक्तासारखा लाल रंग उमटला. अझाइड होतंच.

ते नष्ट करताना क्रम चुकवायचा नाही: आधी सोडियम नायट्राइट, मग थेंबथेंब सल्फ्युरिक आम्ल. आम्ल आधी पडलं तर हायड्राझोइक आम्ल तयार होतं. ते ३७ अंशांनाच उकळतं, अतिशय विषारी असतं आणि श्वासातून गेलं की रक्तदाब कोसळतो. बुडबुडे थांबेपर्यंत मी हूडसमोरून हलले नाही. शेवटी स्टार्च-आयोडाइडची पट्टी निळी पडली. म्हणजे नायट्राइट उरलंय, अझाइड संपलंय.

मामांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ त्या ट्रॅपकडे बघत राहिले.

"मॅडम, मागच्या वर्षी पलीकडच्या खोलीतला असाच ट्रॅप मी कापला होता," ते म्हणाले. "तेव्हा कुणी काही बोललं नाही."

त्या खोलीतही आम्ही तेच बफर ओतायचो.