आल्तिनोवरून ऐकू येणारी पणजी

पणजीत मी भाड्याने राहत होतो ती खोली आल्तिनोवर होती, आणि डोंगरमाथ्यावरचे घर म्हटल्यावर खिडकीतून मांडवी दिसणार, हे मी मनाशी धरूनच चाललो होतो. प्रत्यक्षात दिसायचे ते एक फणसाचे झाड आणि शेजाऱ्यांच्या घरावरची शेवाळलेली कौले. नदी पाहायची तर झाडांमधल्या फटी शोधत हिंडावे लागे.

शहर मात्र ऐकू येई. सकाळी पहिला आवाज पोदेराच्या भोंग्याचा. पाववाला पोदेर पायथ्याच्या मळा या वाड्याच्या बाजूने सायकल ढकलत चढायचा, त्यामुळे दोन भोंग्यांमधले अंतर वाढले की त्याला उभा चढ लागला, हे अंथरुणातूनच कळे. तेवढ्या वेळात सुटे पैसे शोधून फाटक गाठता येई, आणि प्लास्टिकच्या कापडाखालचे उंडे तरीही कोमट असत.

सर्वांत भारदस्त आवाज घंटेचा. उतारावरच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची, नागमोडी पायऱ्यांसह, छायाचित्रे सगळेच काढतात. तिथली घंटा मात्र पणजीची नव्हे, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ती जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन चर्चची. रोगराईने ते शहर ओस पडत गेले, 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि 1871 मध्ये ही घंटा या चर्चवर चढली. बिऱ्हाड हलवताना देवघरातली घंटा अगदी शेवटी उचलावी, तसेच हे झाले. तिच्या मूळ चर्चच्या मनोऱ्याचा आता तुटका सुळकाच उरला आहे. आवाज तेवढा इकडे नांदतो आहे.

पावसाळ्यात हे सगळे बुडून जाई. टेकडी जांभ्या दगडाची असल्याने माथ्यावरचे पाणी आत मुरते आणि पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येते. खालच्या फोंताइन्हास वाड्याचे नावही झऱ्यांवरूनच पडले आहे. जुलैतल्या एका सकाळी भोंगा ऐकू आला नाही, म्हणून मी छत्री घेऊन खाली उतरलो. अर्ध्या उतारावर एका घराच्या वळचणीला पोदेर सायकल टेकवून उभा होता आणि, त्या धो धो पावसात शेजारच्या दारापर्यंतही पोचणे कठीण असताना, शांतपणे भोंगा वाजवत होता.