कूलर, खिडकी आणि वीस तारीख

आमच्या घरचं नेट उन्हाळ्यात आजारी पडतं असं मी चार वर्षं सगळ्यांना सांगत होते आणि भुसावळातल्या कुणालाच ते पटायला जड गेलं नाही, कारण मे महिन्यात इथं पारा 45 च्या वर गेला की माणसं आजारी पडतात, इन्व्हर्टर आजारी पडतो, टाकीतलं पाणी दुपारी चारला चहाला ठेवल्यासारखं येतं, मग त्या प्लास्टिकच्या डबीचं काय घेऊन बसलात.

मी घरी बसून जीएसटीची कामं करते. एक हार्डवेअरवाले, एक ठिबकच्या नळ्या विकणारे, एक शेवचिवडावाले आणि सावद्याकडचे एक केळी वेफर्सवाले (ताज्या केळीला टॅक्स नाही, तळली की आहे, हे मी त्यांना दरवर्षी नव्यानं समजावते). तर महिन्याची 20 तारीख म्हणजे माझी वारी. त्या दिवशी 3बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचं, नाही भरलं तर दिवसाला 50 रुपये आणि ते 50 रुपये माझ्यामुळं पडले असं ऐकून घ्यायचं वेगळं. आणि बरोब्बर त्याच दिवशी ओटीपी टाकला की स्क्रीनवर ते गोल गोल फिरायला लागतं, फिरतं, फिरतं, मग सेशन संपलं म्हणे, परत लॉगिन, परत ओटीपी, तोवर आधीच्या ओटीपीचा मेसेज आता येतो.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. पोरगा म्हणाला राऊटर तापतोय, आणि ते अगदीच खोटं नव्हतं, डबीसोबतच्या कागदावर 40 डिग्रीपर्यंतच चालवा असं छापलंय, म्हणजे बनवणाऱ्यानं खान्देश पाहिलेलाच नाही. मग त्यानं राऊटरसमोर टेबल फॅन लावला. सासूबाईंनी ओला पंचा घालू का वर म्हणून विचारलं, आणि त्या चेष्टा करत नव्हत्या, पाण्याच्या माठाला घालतात तसा. आमचे हे रेल्वेच्या सिग्नल खात्यात, तेवीस वर्षं झाली, पण घरचा सिग्नल गेला की "बंद करून चालू कर" याच्यापुढं त्यांचं ज्ञान जात नाही. एक मात्र त्यांनीच शिकवलं. डबीवरचा तो एलओएसचा दिवा लाल झाला तर लाईनच तुटलीय, मग घरात कितीही उड्या मारा, लाल सिग्नलला शिट्ट्या वाजवून गाडी सुटत नसते. मागं दिवाळीनंतर तसंच झालेलं. बोदच्या बोद कापूस रचलेला टेम्पो गल्लीतून गेला आणि रस्त्यावर आडवी टांगलेली फायबरची तार सोबत घेऊन गेला, दोन दिवस अख्ख्या गल्लीत शांतता, पोरं क्रिकेट खेळायला लागली होती.

पण या वेळी दिवा हिरवाच. तरी मी तक्रार केली, कारण तक्रार करायला फोन तरी लागतो. लाईनवाला पोरगा भर दुपारी डोक्याला रुमाल बांधून आला, त्याला आधी माठातलं पाणी दिलं, मग त्यानं माझा लॅपटॉप ओसरीत नेऊन राऊटरला सरळ तारेनं जोडला आणि स्पीड टेस्ट लावली. 94. आमचा प्लॅन 100 चा. (हे 100 म्हणजे सेकंदाला मेगाबिट असतात बरं का, आठानं भागायचं, म्हणजे फाईल डाउनलोड होताना सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. मी आधी एक वर्ष याच्यावरूनही भांडलेय.) मग तोच लॅपटॉप माजघरात माझ्या टेबलावर वायफायवर लावला, 5. "लाईन ओके आहे ताई, आता जे काय आहे ते तुमच्या घरात आहे," म्हणाला आणि गेला. राग आला, पण नंतर कळलं की चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी कामाचं बोललं होतं. लाईन वेगळी आणि वायफाय वेगळं, एकाचा राग दुसऱ्यावर काढायचा नसतो.

आता घर समजून घ्या. जुनं आहे, आजेसासऱ्यांनी बांधलेलं, दीड फुटाच्या भिंती. पुढं ग्रिलची ओसरी, मग माजघर, मागं स्वयंपाकघर, ओसरीतूनच गच्चीवर जिना. फायबर ओसरीच्या कोपऱ्यातून आत येतं आणि बसवायच्या दिवशी तार जिथं संपली तिथंच खिळा मारून राऊटर टांगला गेला, गजाननाच्या फोटोच्या शेजारी. मागं एकदा मी तो आत घ्यायला तार ओढली तर लाईनवाला ओरडला होता की ताई मोडू नका, आत काच असते. खरंच काच असते, केसासारखी, जास्त वाकवली की उजेड बाहेर सांडतो. मग कोण हात लावतंय.

पोरानं मोबाईलवर एक ॲप घेतलं, त्यात आजूबाजूच्या सगळ्यांची वायफाय डोंगरासारखी दिसतात, आमच्या गल्लीत ते अगदी सातपुड्याच्या रांगेसारखं दिसत होतं, एकाच्या खांद्यावर दुसरा. सगळे 6 नंबरच्या चॅनलवर गर्दी करून बसलेले. एकमेकांवर न चढणारे चॅनल 1, 6 आणि 11, त्यातला 11 मोकळा होता म्हणून आम्ही तिकडं सरकलो, 5 चे 7 झाले. मग त्यानं दुसरं नाव जोडलं, त्याच्या शेवटी 5जी लिहिलेलं, सासूबाईंनी शेजारी सांगूनही टाकलं की आमच्याकडं फाईव्हजी आलं, आता ते मोबाईलवालं 5जी नाही, हे 5 गिगाहर्ट्झ आहे, हे मी किती जणांना सांगू. ओसरीत ते सुसाट पळतं आणि माजघराची भिंत आली की मान टाकतं, आधीचं 2.4 गिगाहर्ट्झवालं हळू आहे पण निदान भिंतीतून येतं तरी.

या सगळ्यात एक गोष्ट डोक्यात कुरतडत होती. रात्री आम्ही गच्चीवर झोपतो, अजूनही, एसी घेतलेल्या काकू हसतात पण पहाटेचं वारं एसीत नाही. तर गच्चीवर नेट मस्त चालतं. राऊटरपासून माझं टेबल दहा-बारा फुटांवर आणि गच्ची तर पार वर, जिन्याच्या वळणापलीकडं. आणि हिवाळ्यात माझ्या टेबलावरही मस्त चालतं. म्हणजे उन्हाळा, आणि तोही फक्त माजघरात.

तेव्हा मला कूलरवर संशय आला. ओसरी आणि माजघराच्या मधल्या भिंतीत एक मोठी खिडकी आहे आणि दरवर्षी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी तिच्यात आमचा लोखंडी कूलर बसतो, ओसरीकडून, स्टँडवर. मला वाटलं मोटर काहीतरी गडबड करत असणार. म्हणून मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता मी कूलर बंद केला, शास्त्रासाठी. सासूबाई झोपेतून उठून बसल्या. "काय झालं व माय, लाईट गेली का?" मी म्हटलं नाही आई, नेट पाहतेय. "मंग तुह्या नेटसाठी मले कायले मारतं?" आणि एवढं करून काही फरक नाही, तेच 7. कूलर निर्दोष सुटला, मी पुढचे आठ दिवस कोडगेपणानं बोलणी खाल्ली.

नंतरच्या रविवारी कूलरचं गवत बदलायचं होतं. जुन्या गवताला तो कुबट वास यायला लागतो, टाकीत शेवाळ धरतं, म्हणून यांनी आणि पोरानं कूलर स्टँडसकट चाकांवरून ओढून ग्रिलपाशी नेला आणि पाणी सोडलं. मी आत टेबलावर वेफर्सवाल्यांची बिलं चढवत बसलेले आणि पोर्टलचं पान टपकन उघडलं. असं कधी होत नाही. टेस्ट लावली, 58. कूलर परत आणा म्हटलं, का म्हणून विचारू नका, आणा. आणला, 9. न्या, 60. आणा. तीन वेळा ते दोघं घामाघूम होऊन तो डबा ढकलत होते आणि समोरच्या काकू गॅलरीतून "काय करू राह्यले हो तुम्ही?" म्हणून विचारत होत्या आणि यांनी काहीच उत्तर दिलं नाही.

चालू-बंदचा प्रश्नच नव्हता. भिंत दीड फुटाची, तिच्यातून जे झिरपेल ते झिरपेल, बाकी सगळं वायफाय त्या खिडकीतून आत येत होतं, आणि उन्हाळा लागला की आम्हीच तिच्यात पत्र्याचा डबा बसवायचो, आत ऐंशी लिटर पाणी, तीन बाजूंनी ओलं गवत. पत्रा सिग्नल परत फेकतो, पाणी पिऊन टाकतं. मायक्रोवेव्हमध्ये अन्न गरम होतं तेही साधारण याच 2.4 च्या लहरींनी, त्यातलं पाणी त्या लहरी शोषतं म्हणूनच. आमच्याकडं मायक्रोवेव्ह नाही, भरिताचं वांगं आम्ही काड्यांवरच भाजतो, पण म्हणजे गेली चार वर्षं मी माझं नेट कूलरच्या टाकीला पाजत होते. आणि तक्रारी दुसऱ्याच्या नावानं. त्या लाईनवाल्या पोराला मी जे जे बोलले होते ते आठवून त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही, शेवभाजी होती तरी.

मग घरात सभा. कूलर हलणार नाही, हे पहिल्या मिनिटात ठरलं, त्याच्यावर चर्चासुद्धा नाही. राऊटर हलवायचा तर काचेची तार वाढवायला माणूस बोलवा आणि त्याला तोंड कुणी दाखवायचं. शेवटी पोरगा बाजारातून दहा मीटर लॅनची चपटी तार घेऊन आला, राऊटरपासून दाराच्या चौकटीवरून, उंबऱ्याच्या कडेकडेनं थेट माझ्या लॅपटॉपला. बिनतारी नेटच्या सगळ्या भानगडीवर तोडगा काय, तर तार. पण 94 म्हणजे 94, वीस तारखेला चौघांचं 3बी दुपारी जेवायच्या आत भरून झालं आणि मी वाळत घातलेल्या बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, राखण बसायला मोकळी, सासूबाईंच्या हिशोबानं खरं काम ते.

आषाढात कूलर पुसून-बिसून माळ्यावर गेला, खिडकी मोकळी झाली, वायफाय परत आत यायला लागलं. मी ती तार गुंडाळायला घेतली, झाडू मारताना पायात येते म्हणून. सासूबाई म्हणाल्या राहू दे, कायले काढते, पुढल्या अखाजीले लागीनच ना. आणि उंबऱ्यापाशी ती जिथं सैल पडलीय तिथं त्यांनी वर पायपुसणं टाकलं.