कापूस विकला आणि कॉम्प्युटर ओरडायला लागला

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही घरातला कापूस विकला. दिवाळीपासून तो माझ्याच खोलीत होता. भाव वाढेल, भाव वाढेल म्हणत बाबांनी तीन भिंतींना लागून पार छतापर्यंत रचून ठेवला होता, आणि उरलेल्या कोपऱ्यात मी, माझं टेबल अन् कॉम्प्युटर. शेवटी गाडी हिंगणघाटच्या मार्केटला गेली, खोली झाडून झाली. त्या रात्री कॉम्प्युटर सुरू केला, तर तो अक्षरशः ओरडायला लागला.

पलीकडच्या खोलीत आजी झोपते. मधे दार नाही, नुसता पडदा. तिनं अंधारातूनच विचारलं, "काय रे बाप्पा, इतक्या रात्री फवारणीचा पंप काऊन चालू केला?"

मी दिवसा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, दोन फोटोग्राफरांचं काम बांधलेलं आहे. रात्री गेम. मशीन २०२२ साली नागपूरहून जोडून आणली: प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, समोर काच लावलेलं कॅबिनेट आणि आत रंग बदलणारे पंखे. आवाज आधीही होता, पण एवढा नाही. मला वाटलं, कापूस उचलताना कुणाचा तरी धक्का लागला असणार.

दोन दिवसांनी मावसभावाचा फोन आला. त्याचं हिंगणघाटला मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. मधेच म्हणाला, "दादा, विहिरीतून बोलून राहिला का?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. टिनाचं छप्पर, सिमेंटच्या उघड्या भिंती, खाली फरशी, आणि खोली रिकामी. कॉम्प्युटरला काहीच झालं नव्हतं. तो पहिल्यापासून असाच ओरडत होता, चार महिने कापूस त्याचा आवाज पिऊन घेत होता. लोक पैसे देऊन स्टुडिओच्या भिंतींना गाद्या लावतात, आणि मी फुकट त्यात बसलो होतो.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. कॅबिनेटला तीन बाजूंनी गोधड्या लावल्या. पहिली दहा मिनिटं छान गेली. अर्ध्या तासात आतली हवा कोंडली, प्रोसेसर ८८ अंशांवर गेला आणि सगळे पंखे असे सुटले की आजी उठून पडद्यात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बाजूची काच काढली आणि वर्तमानपत्राची सुरनळी करून एक टोक कानाला लावलं, दुसरं एकेका पंख्याजवळ नेलं. ही युक्ती मला फार उपयोगी पडली. बाहेरून सगळा मिळून एकच घोळ ऐकू येतो, नळीतून प्रत्येकाचा गळा वेगळा कळतो. समोरचे तीन पंखे एका सुरात "हूऽऽ", काम असो नसो. मागचा टरटर वाजत होता. प्रोसेसरवरचा पंखा ब्राउझर उघडला की स्कूटीचा ॲक्सिलरेटर पिळल्यासारखा चढायचा, लगेच उतरायचा, पुन्हा चढायचा. ग्राफिक्स कार्ड एरवी गप्प, गेममध्येच बोंबलणार. एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, बिचारा निर्दोष निघाला, आणि ते बरंच झालं, कारण तो डबा मी उघडला नसता. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका बसण्याइतका करंट राहतो. ज्याची शंका होती त्या पंख्याची पिन मशीन बंद करून काढायची, पुन्हा सुरू करून ऐकायचं, असं करत खात्री केली. प्रोसेसरच्या पंख्याची पिन मात्र काढली नाही.

सर्वांत मोठे गुन्हेगार समोरचे तीन. वायर हातात घेऊन मागे मागे गेलो तर ती मदरबोर्डकडे, म्हणजे मुख्य बोर्डाकडे गेलीच नव्हती, मोलेक्स नावाच्या चार तारांच्या पिनेनं थेट एसएमपीएसला जोडलेली होती. म्हणजे पिवळ्या वायरचे १२ व्होल्ट, सकाळ-संध्याकाळ, पूर्ण वेगानं. मदरबोर्डला हे पंखे घरात आहेत याचा पत्ताच नाही, तो त्यांना हळू करणार कुठून? वर समोर अख्खी काच. हवा यायला दोन्ही कडांना बोटभर फट. बंद खिडकीसमोर कूलर लावावा आणि तो पुरेपूर चालवावा, तसं. ज्या दुकानातून मशीन जोडली तिथं फोन केला तर उत्तर आलं, "या कॅबिनेटमध्ये असंच येते भाऊ." येतं, खरं आहे. पण विकताना रंगांविषयी बोलायला वेळ होता, वायरीविषयी नव्हता.

आधी फुकटचा उपाय करून पाहिला. मोलेक्समधली लाल वायर ५ व्होल्टची असते. पंख्याची तार पिवळ्यावरून लालवर आणली तर वेग एकदम पडतो. दोन पंखे फिरले, तिसरा फक्त थरथरला. सुरू व्हायलाच त्याला जास्त व्होल्ट लागत होते. मग तीन साधे, बिनदिव्यांचे, १२० मिलिमीटरचे चार पिनांचे पीडब्ल्यूएम पंखे, म्हणजे मदरबोर्डच्या सांगण्यावरून वेग बदलणारे, आणि तिघांना एकाच पिनेवर जोडणारा एक स्प्लिटर मागवला. कुरिअर आमच्या गावापर्यंत येत नाही, मावसभावाच्या दुकानावर येतं. तिथून बाबा खताच्या पोत्यांबरोबर घेऊन आले. किंमत ऐकून म्हणाले, "एवढ्यात तं छताचा पंखा येते." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्प्लिटर लावण्याआधी एक बघावं. मदरबोर्डच्या एका पंख्याच्या पिनेवर साधारण १ ॲम्पिअरपर्यंतच भार चालतो. पंख्यामागच्या स्टिकरवर ॲम्पिअर छापलेले असतात. माझे तिघे मिळून अर्ध्याच्याही आत होते. काच ओढून काढली, ती क्लिपांवरच होती, आणि तिच्या जागी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवला.

मागच्या पंख्याची गंमत वेगळीच. तो तीन पिनांचा, आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, त्याची जागा पीडब्ल्यूएमवर ठेवलेली. पीडब्ल्यूएममध्ये वेग कमी करायचा निरोप चौथ्या पिनेतून जातो. याला चौथी पिनच नाही, म्हणून त्याला कायम १२ व्होल्ट मिळत राहिले. व्होल्टच कमी करून वेग उतरवणारा डीसी मोड निवडला आणि तो ताबडतोब निम्म्यावर आला. दोन मिनिटांचं काम, खर्च शून्य, आणि तीन वर्षं मी ते केलं नव्हतं. टरटर मात्र बेअरिंगची होती. स्टिकर उचकटलं, खालचं रबरी बूच काढलं, आईच्या शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडलं. शेजारचे काका खोबरेल टाक म्हणत होते. आमच्याकडे डिसेंबरात बाटलीतलं खोबरेल दगड होतं, पंख्यात काय होईल ते सांगायला नको. जुन्या साध्या बेअरिंगला तेलानं नवीन आयुष्य मिळत नाही, पण तो पंखा आज हे लिहितानाही चालू आहे.

आता प्रोसेसरचा पंखा. ५६०० सोबत कंपनीचा छोटा कूलर येतो, व्रेथ स्टेल्थ. टॉर्च मारून बघितलं तर पंख्याच्या पात्यांखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. राखाडी नमदा दिसत होता. पट्टीवर पट्टी, मधे कापसाचे तंतू आणि धूळ असे घट्ट बसले होते की चिमट्यानं ओढल्यावर अख्खी चकती निघाली, मधे भोक असलेली, पंख्याच्या मापाची. आजीनं ती हातात घेतली, दोन बोटांत चोळली. ती रोज वाती वळते, तिला कापूस कळतो. "आपलाच हाय," म्हणाली, आणि देवाला चालत नाही म्हणून केरात टाकली.

साफ करायला एकानं पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर सुचवला. मी कॅबिनेट घेऊन गेलोही. त्यानं आधी जमिनीवर हवा मारली तर धुळीत पाण्याचे ठिपके उमटले. टाकीत पाणी साचतंच. तसाच परत आलो. रंगाचा नवा ब्रश आणि सायकलचा पंप, एवढ्यावर भागलं. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवायचा, नाहीतर तो त्याच्या ताकदीपेक्षा जोरात फिरतो आणि बेअरिंग जातं.

प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पोचवणारी पेस्ट बदलायची म्हणून कूलर काढायला घेतला. चारही स्क्रू सुटले तसा मदरबोर्डमागचा लोखंडी पत्रा खण्णकन पडला. तो त्या स्क्रूंवरच लटकलेला असतो, मागून एक हात लावायला हवा होता. कूलर मात्र जागचा हलेना. मी सरळ वर ओढला, आणि कूलरबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून आला. लॉकची दांडी बंद असताना! जुनी पेस्ट वाळून डिंक झाली होती. प्रोसेसरच्या पोटाला हजारावर पिना, आणि कोपऱ्यातली एक वाकलेली. खोलीत ३८ अंश गरमी आणि माझे हात गार पडले. काम अडलं तर पंधरा दिवसांची लग्नं हातची जाणार होती.

सकाळी पहिल्या एसटीनं मावसभावाकडे गेलो, प्रोसेसर साबणाच्या डबीत, कापसातच गुंडाळून. डोळ्याला भिंग लावून त्यानं टोकदार चिमट्यानं ती पिन जरा जरा करत उभी केली, मग मोबाइल साफ करायच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जुनी पेस्ट पुसली. दहा मिनिटं लागली असतील. त्यात मी दोन चहा प्यायलो. खरी रीत त्यानं नंतर सांगितली. मशीन पंधरा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्यायची, बंद करून प्लग काढायचा, स्क्रू सोडले की कूलर वर न ओढता डावी-उजवीकडे पिळायचा, पकड सुटली की मगच उचलायचा. नवी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी. तो म्हणाला, "दादा, हे पाच मिनिटं आधी फोनवरच विचारलं असतं तं?"

सगळं परत बसवल्यावर बायोसमध्ये पंख्यांचा आलेख मांडला. ५५ अंशांपर्यंत सगळे ३५ टक्क्यांवर, ७० ला ६० टक्के, ८५ च्या पुढे पूर्ण. या प्रोसेसरची मर्यादा ९० अंश आहे, त्यामुळे ७५ बघून घाबरायचं कारण नाही. मी आधी उगाच प्रत्येक अंशासाठी पंखे पळवत होतो. स्कूटीसारखा चढ-उतार का व्हायचा तेही कळलं. रायझनवर जरा काम पडलं की तापमान क्षणात आठ-दहा अंश उडी मारतं, तितक्याच लवकर उतरतं, आणि पंखा त्याच्यामागे धावतो. बायोसमध्ये वेग चढायला-उतरायला उशीर लावायची सोय असते, तो जास्तीत जास्त ठेवला. पंख्याचं गणित आपल्या बाजूनं आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनं पडतो. म्हणून एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा दोन-तीन हळू फिरवलेले बरे.

ग्राफिक्स कार्डाचं काम खुर्चीत बसूनच झालं. माझा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, ६० चित्रं दाखवणारा, आणि गेमच्या नुसत्या मेन्यूत कार्ड सेकंदाला चारशे फ्रेम काढत होतं, कुणासाठी देव जाणे. फ्रेम ६० वर बांधल्या. आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट, म्हणजे वीज खायची मर्यादा, ८० टक्के केलं, म्हणजे १७० वॉटचं कार्ड १३६ वॉटवर आलं. खेळताना फरक मला तरी दिसला नाही. त्याचे पंखे मिनिटाला चोवीसशे फेऱ्यांवरून पंधराशेच्या खाली आले. शेवटी लोखंडी टेबलाची गुणगुण उरली होती. कॅबिनेटच्या चार पायांखाली सायकलच्या ट्यूबचे दुहेरी तुकडे सारले, तीही गेली.

मे महिन्याचं खोटं सांगणार नाही. पंखा खोलीतलीच हवा मारतो. खोलीत ४३ अंश असतील तर जानेवारीपेक्षा पंचवीस अंश वरूनच सुरुवात होते, मग कुठलाही आलेख ठेवा. खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडायचा मोह होतो, पण ती ओली हवा आत घालायची माझी हिंमत नाही. त्या दिवसांत विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के ठेवतो. एका टक्क्यानं बूस्ट, म्हणजे कामाला वेग वाढवायची प्रोसेसरची सोय, बंद पडतो, एडिटिंग जरा रेंगाळतं, पण दुपारी मशीन तापत नाही. जड काम पहाटे उरकायचं, लाइन असेल तर.

नोव्हेंबरात सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कापसाची पूजा झाली, वेचणी सुरू झाली. पहिलं गाठोडं अंगणात आलं तेव्हा बाबा दारात उभे राहून खोलीकडे बघत म्हणाले, "औंदा तुह्या खोलीत नाही टाकत कापूस. तुह्या मशीनीले तरास होते."

मी म्हटलं, "टाका ना बाबा. मागच्या भिंतीले टाका. मच्छरदाणी मी दर रविवारी धुईन."

आतून आजी म्हणाली, "पाय बाप्पा, आता कापसाबिगर झोप नाही येत त्याले."