पाणी सुटलेली कोशिंबीर

बाराला पोचतो म्हणणारे पाहुणे दीड वाजला तरी रस्त्यातच होते. मी मात्र शहाणपणा करून साडेअकरालाच काकडी चोचवून, दाण्याचं कूट आणि मीठ घालून मोकळी झालेली. व्हायचं तेच झालं. काकडी मलूल आणि तळाला बोटभर पाणी. मीठ आयत्या वेळी घालायचं, हे आईनं हजारदा सांगितलंय.

खरं तर मला कोशिंबिरीपेक्षा ते पाणीच जास्त आवडतं. ओट्याशी उभं राहून, वाटी कलती करून, कुणी बघत नसताना.

ही खोड जुनी आहे. लोणच्याच्या कैऱ्या फोडून झाल्या की आजी त्यांना मीठ-हळद चोळून रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी फोडी आक्रसलेल्या आणि खार सुटलेला, पिवळाजर्द. फोडी आजीला मोजल्याशिवायही कळायच्या, म्हणून आम्ही भावंडं खारावर डल्ला मारायचो. एकेक पळी, डोळे घट्ट मिटून, दात आंबेपर्यंत. "यंदा खार कमीच सुटला गं," असं ती म्हणाली की आम्ही कैऱ्यांना दोष द्यायचो.

तरीही शाळेत परासरणाची, म्हणजे पटलातून पाणी कुठून कुठे जातं याची, व्याख्या लिहिताना मी पाणी उलट्या दिशेला पाठवलं. बाईंनी लाल पेनानं बाण फिरवून दिला. साध्या पाण्यात मनुका फुगते, मिठाच्या पाण्यात चिरमुटते. पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे. दोन मार्क गेले ते गेलेच.

पण पेशीचं पटल तर तेलकट. त्यातून पाणी इतक्या झपाट्यानं कसं जातं? त्याला स्वतंत्र दारं असतात म्हणे. पीटर अ‍ॅग्रे हे अमेरिकी शास्त्रज्ञ लाल रक्तपेशींत वेगळंच काही शोधत होते, तेव्हा या दाराचं प्रथिन हाती लागलं. २००३ साली त्यासाठी नोबेल मिळालं. एका दारातून सेकंदाला अब्जावधी रेणू जातात, तेही एकेरी रांगेत. आमच्या पाहुण्यांना निदान एकदा तरी वेळेवर दारात येता यावं.

पोट बिघडलं की आजी पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर साखर ढवळून द्यायची. साखर आमची समजूत काढायला असते, असं मला कॉलेजात जाईपर्यंत वाटत होतं. पुढे कळलं की आतड्याच्या पेशीत सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीनं शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग येतं. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यातसुद्धा हे एक दार चालू राहतं.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांची पश्चिम बंगालातल्या बनगावला छावणी होती. पटकीची साथ आली, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पाजायला सुरुवात केली. शंभरात तीसएक माणसं जात होती, ती चारांवर आली. ड्रमांना नळ लावलेले होते, आणि कपानं पाजायला जमिनीवर बसलेली असायची ती ज्याची त्याची आई, नाहीतर भाऊ.