तुम्ही विचारलंत म्हणून: सारा पेलिनची बाजू मी का घेते?

पेलिन म्हणजे २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदासाठी उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन पुढारी. पत्रकारिता शिकवते म्हणून हा प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागतो. भर वर्गात सहसा कोणी विचारत नाही. तास संपला की एखादी मुलगी टेबलापाशी येते आणि म्हणते, "मॅडम, गर्भपात, बंदुका, तेल, कशावरच तुमचं आणि सारा पेलिनचं पटणार नाही. मग अमेरिकन मीडियाचा विषय निघाला की तुम्ही तिची बाजू का घेता?" मैत्रिणींतही हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पेलिनबाईंच्या राजकारणाची बाजू मी कधीच घेतली नाही. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांनी फेसबुकवर 'डेथ पॅनल'ची आवई उठवली. ओबामांच्या आरोग्य विधेयकामुळे आपले आईवडील आणि आपलं डाउन सिंड्रोम असलेलं बाळ यांना उपचार मिळावेत की नाहीत हे सरकारी बाबू ठरवतील, असं त्यांनी लिहिलं. विधेयकात होतं ते एवढंच, की शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत याविषयी रुग्ण स्वेच्छेने डॉक्टरांशी बोलला, तर त्या सल्ल्याची फी मेडिकेअरने, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, द्यावी. पुढाऱ्यांचे दावे तपासणाऱ्या पॉलिटिफॅक्ट या संस्थेने त्या दाव्याला वर्षातलं सर्वांत मोठं खोटं ठरवलं, ते योग्यच होतं. आजारी म्हाताऱ्या माणसांना घाबरवणारं ते राजकारण होतं आणि मला त्याचा आजही संताप येतो.

माझं भांडण पत्रकारांशी आहे. ज्या धंद्यात मी उमेदीची वर्षं घातली, त्याने या बाईंच्या बाबतीत स्वतःचेच नियम बाजूला ठेवले, हे मला सहन होत नाही.

आताच्या मुलांना तेव्हाचं आठवत नसतं, म्हणून थोडक्यात सांगते. २९ ऑगस्ट २००८ रोजी ओहायोतल्या डेटनमध्ये रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी पेलिन यांचं नाव जाहीर केलं. वय ४४. अलास्काच्या गव्हर्नर होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, त्याआधी वसिला नावाच्या काही हजार वस्तीच्या गावाच्या महापौर. देशाला त्यांची काहीच माहिती नव्हती, तेव्हा खणून काढण्यासारखं भरपूर होतं. अलास्कातल्या केचिकानजवळचा तो बदनाम महागडा पूल आपण नाकारला असं त्या प्रत्येक सभेत सांगत होत्या, पण २००६ च्या प्रचारात त्यांनी त्याच पुलाला पाठिंबा दिला होता. सार्वजनिक सुरक्षा आयुक्त वॉल्ट मोनेगन यांना त्यांनी पदावरून काढलं होतं, आणि बहिणीच्या आधीच्या नवऱ्याला पोलीस दलातून हाकलावं म्हणून त्यांच्यावर दबाव आणल्याची चौकशी सुरू होती. १० ऑक्टोबरला तिचा अहवाल आला: मोनेगन यांना काढण्याचा अधिकार गव्हर्नरांना होता, मात्र एकूण प्रकरणात त्यांनी सत्तेचा गैरवापर केला. ही खरी बातमी. कागदावरची, पुराव्यानिशी.

आणि पहिल्या आठवड्यात चर्चा कशाची झाली? एप्रिलमध्ये जन्मलेलं बाळ खरोखर त्यांचंच की त्यांच्या मोठ्या मुलीचं, याची. गरोदरपणाचे जुने फोटो काढून पोट पुरेसं दिसतंय का हे लोक मोजत होते. सुरुवात इंटरनेटवरच्या निनावी कुजबुजीने झाली, पण पुढे एका प्रतिष्ठित मासिकाचा नामवंत लेखक बाळंतपणाची वैद्यकीय कागदपत्रं मागत राहिला. १ सप्टेंबरला त्या कुटुंबाला जाहीर करावं लागलं की सतरा वर्षांची मुलगी स्वतः पाच महिन्यांची गरोदर आहे. एका बाईला आपलं बाळंतपण खरं होतं हे पटवण्यासाठी आपल्या पोरीचं गुपित चव्हाट्यावर मांडावं लागलं! त्याच दिवशी ओबामांनी पत्रकारांना बजावलं की उमेदवारांच्या मुलांना यात ओढू नका, माझी आईही अठराव्या वर्षी माझ्या वेळी बाळंत झाली होती. प्रतिस्पर्ध्याला जे कळलं ते कित्येक संपादकांना कळलं नाही.

मग पुढचा प्रश्न आला: पाच मुलांची आई, त्यातलं एक तान्हं आणि विशेष गरजांचं, ही बाई उपाध्यक्षपद कसं सांभाळणार? ओबामांच्याही दोन मुली लहान होत्या. त्यांना असं कोणी विचारलं नाही.

यावर मुली मला हमखास सांगतात, "पण मॅडम, कुटुंब तिनेच स्टेजवर आणलं होतं." आणलं होतं. पक्षाच्या सेंट पॉलमधल्या अधिवेशनात सगळं कुटुंब व्यासपीठावर होतं. अमेरिकेतला प्रत्येक उमेदवार हेच करतो. बायकोपोरांसोबत हात हलवणाऱ्या पुरुषाच्या मुलांची वैद्यकीय कागदपत्रं त्यामुळे कोणी मागत नाही.

मी तेव्हा एका मराठी दैनिकात विदेश पान लावायचे. रात्री एजन्सीची कॉपी यायची, त्यात पेलिनबाईंच्या चष्म्याची बातमी फोटोसकट असायची. काझुओ कावासाकी या जपानी डिझायनरची ती फ्रेम, अमेरिकेत तिला एकदम मागणी आली होती. पुढे पक्षाने कपड्यांवर आणि मेकअपवर खर्च केलेल्या दीड लाख डॉलरची बातमी आली. ही मी छापण्याजोगी मानते, पैसा देणगीदारांचा होता. पण ती दिवसचे दिवस चालली, आणि सत्तेच्या गैरवापराचा अहवाल त्या गलबल्यात विरून गेला. आपल्याकडेही महिला उमेदवाराच्या साडीचा रंग बातमीत येतो, पुरुषाचा सदरा येत नाही, तेव्हा हे आपल्याला नवीन नाही.

वर्गात मी केटी कुरिक यांनी सीबीएस वाहिनीवर घेतलेली पेलिन यांची २००८ ची मुलाखत मुद्दाम दाखवते. पेलिनबाईंची सर्वांत जास्त नाचक्की तिथेच झाली, आणि मला त्या मुलाखतीत एकही प्रश्न आक्षेपार्ह वाटत नाही. जग समजून घेण्यासाठी तुम्ही कोणती वृत्तपत्रं आणि मासिकं वाचत होता, असं कुरिक शांतपणे विचारतात. बहुतेक सगळी, असं उत्तर येतं. नेमकी कोणती? सगळीच, जी समोर येतील ती. एकही नाव येत नाही. आवाज चढलेला नाही, टोमणा नाही, कपड्यांचा उल्लेख नाही. बाईंना पूर्ण माणूस, पूर्ण राजकारणी मानून विचारलेला तो प्रश्न आहे. मी ज्याची बाजू घेते ते हे. पेलिन यांना सोडून द्यायला हवं होतं असं मला कधीच वाटलं नाही, उलट असे प्रश्न आणखी पाचपट विचारायला हवे होते.

त्यानंतर मी न्यूजवीकचं नोव्हेंबर २००९ मधलं मुखपृष्ठ भिंतीवर लावते. लाल टॉप, काळी आखूड शॉर्ट्स, उघडे पाय, हात शेजारी टाकलेल्या झेंड्यावर टेकलेला, हातात मोबाइल. फोटो काढला होता धावपटूंच्या एका मासिकासाठी, व्यायामावरच्या लेखासोबत. तिथे तो अगदी ठीक होता. न्यूजवीकने तो उचलून राजकीय लेखावर लावला आणि एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवर मथळा दिला, की या सारा नावाच्या समस्येचं करायचं काय. संपादकांचं म्हणणं पडलं की उपलब्ध फोटोंत हाच विषयाला सर्वांत साजेसा होता. मी मुलांना सांगते, आतला लेख तिच्या राजकारणावर आहे, तर पायांचा त्याच्याशी संबंध एका वाक्यात लिहून दाखवा. कोणालाही लिहिता येत नाही. मला वाटतं, पेलिनबाईंच्या समर्थकांनी तेव्हा मुख्य प्रवाहातल्या वृत्तपत्रांवर विश्वास ठेवणं सोडलं त्यात २००८ पासून चाललेल्या अशा प्रकारांचा मोठा वाटा आहे. मग 'डेथ पॅनल' खोटं आहे असं हीच वृत्तपत्रं ओरडून सांगू लागली तेव्हा ऐकणार कोण?

सर्वांत वाईट प्रकरण ॲरिझोनातलं. ८ जानेवारी २०११ रोजी टूसॉनच्या एका सुपरमार्केटबाहेर खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स मतदारांना भेटत असताना एका तरुणाने गोळीबार केला. सहा जण मेले, त्यात नऊ वर्षांची एक मुलगी होती. गिफर्ड्स यांच्या डोक्यात गोळी गेली, त्या वाचल्या. त्याच संध्याकाळपासून बोट पेलिन यांच्याकडे वळलं, कारण त्यांच्या राजकीय समितीने आदल्या वर्षी एक नकाशा काढला होता. गिफर्ड्स यांच्यासह डेमोक्रॅट खासदारांचे वीस मतदारसंघ त्यात बंदुकीच्या नेमाच्या खुणेखाली दाखवले होते. नकाशा मला किळसवाणा वाटला. पण हल्लेखोराने तो पाहिला होता असा पुरावा मिळाला नाही. तो तरुण मानसिक आजाराने ग्रासलेला होता.

तरीही १४ जून २०१७ च्या न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखात, तोपर्यंत सहा वर्षं लोटली होती, त्या नकाशाचा आणि गोळीबाराचा संबंध स्पष्ट असल्याचं छापून आलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली, बाईंनी बदनामीचा दावा लावला. २०२२ मध्ये हरल्या. ज्यूरीची चर्चा चालू असतानाच न्यायाधीशांनी आपण दावा फेटाळणार असल्याचं जाहीर केलं होतं आणि काही ज्यूरर्सनी ते फोनवर वाचलं होतं, त्यामुळे वरिष्ठ न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला लावला. एप्रिल २०२५ मध्ये त्या पुन्हा हरल्या.

निकाल मला पटतो. १९६४ च्या सलिव्हन खटल्यापासून अमेरिकेत सत्तेतल्या माणसाला बदनामी सिद्ध करायची तर छापणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत होतं, किंवा खऱ्याखोट्याची त्याने पर्वाच केली नाही, हे दाखवावं लागतं. हे संरक्षण गेलं तर श्रीमंत पुढारी छोट्या वृत्तपत्रांना दाव्यांनीच संपवतील. पण कोर्टात सुटलं म्हणून ते वाक्य माझ्या लेखी सुटत नाही. पुरावा नसल्याचं टाइम्सच्या स्वतःच्या बातम्यांत येऊन गेलं होतं. संपादक जेम्स बेनेट यांनी चूक आपली असल्याचं कोर्टात सांगितलं, आणि मुद्दाम खोटं लिहिलं नाही या त्यांच्या म्हणण्यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच मला ते जास्त लागतं. इतक्या कसलेल्या लोकांच्या हाताखालून ते वाक्य गेलं आणि कोणीही थांबून विचारलं नाही, कारण त्यांच्या मनातल्या सारा पेलिनला ते शोभत होतं.