रिपोर्टातली शेवटची ओळ

दर मंगळवारी मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करायला जाते. दिवाळीनंतरचा मंगळवार होता, कापूस वेचणीचे दिवस. साठीकडे झुकलेल्या एक मावशी मुलासोबत आल्या. बैलबंडीवरून पडल्या म्हणून शहरात मानेचा सीटी स्कॅन झाला होता. मणके शाबूत. पण रिपोर्टात शेवटी लिहिलेलं: थायरॉईडच्या उजव्या भागात 9 मिलिमीटरची गाठ, सोनोग्राफी करावी. उलगडून कोणी सांगितलं नव्हतं. महिनाभर मावशींना घास गोड लागत नव्हता. मुलगा हळूच म्हणाला, "नागपूरले न्या लागंन तं बैलजोडीचा सौदा करून ठेवला जी, मॅडम."

मावशींनी डोरलं काढून पदराच्या टोकाला बांधलं. कापूस वेचून बोटांची टोकं फुटली होती. ती गाठ त्या घट्ट धरून होत्या.

मी प्रोब ठेवला. गळ्यातली गाठ जाळीदार होती, अनारशासारखी बारीक बारीक पोकळ्यांची. गर्द काळी नाही, रुंदीपेक्षा उंच नाही, कडा ओबडधोबड नाहीत, चुन्याचे ठिपके नाहीत. मानेतल्या लसिका ग्रंथीही ठीक. टी-रॅड्स, म्हणजे थायरॉईडच्या गाठीत कॅन्सरची शंका किती ते ठरवायची पद्धत, तिच्या पाच पायऱ्यांतली ही पहिली, सगळ्यात निर्धोक. इथं सुई घालून तपासायचंही कारण नसतं. खरं तर पस्तिशीपुढच्या माणसाला, धोक्याची खूण नसेल तर, सीटीत सहज दिसलेल्या दीड सेंटिमीटरखालच्या गाठीमागे लागू नये, असं अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीनं 2015 मध्येच सांगितलंय. तरी आम्ही लोक ती ओळ लिहून मोकळे होतो. मला याचा फार त्रास होतो. दक्षिण कोरियात गळ्याच्या तपासण्या वाढल्या आणि 1993 ते 2011 या काळात थायरॉईड कॅन्सरचं निदान सुमारे 15 पट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारोंच्या ग्रंथी काढल्या, त्यातल्या बहुतेकांना जन्मभराच्या गोळ्या लागल्या.

मी स्क्रीन मावशींकडे वळवली. "ही पाहा तुमची गाठ. वयानं केस पिकतात ना, तशा या होतात. तुमच्या वयाच्या कितीतरी बायांच्या गळ्यात असते, त्यांना ठाऊकही नसतं. ऑपरेशन नाही, सुई नाही."

"कॅन्सर नाई ना मंग?"

"तसं एकही लक्षण नाही, मावशी."

मुलगा फोन काढत बाहेर गेला. मावशींनी पदराची गाठ सोडली, डोरलं गळ्यात घातलं आणि मान धरून विचारलं, "मंग हे मान काहून दुखते जी अजून?"

महिनाभरात ते कोणी पाहिलंच नव्हतं.