टेट ब्रिटनमधील व्हिक्टोरियन स्त्रिया

लंडनच्या पिम्लिको स्टेशनातून बाहेर पडून थेम्सच्या दिशेने थोडे चालले की टेट ब्रिटन हे कलादालन लागते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात चित्रकारांनी स्त्री कशी रंगवली, हे पाहण्यासाठीच मी तिथे गेले होते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील, पाण्यात बुडणारी नायिका दाखवणाऱ्या मिले यांच्या ‘ऑफेलिया’ या चित्रासमोर अर्थातच गर्दी होती. पण या चित्रासाठी एलिझाबेथ सिडल ही तरुणी ऐन हिवाळ्यात टबातल्या पाण्यात पडून राहिली आणि पाणी गरम ठेवणारे दिवे विझल्याने आजारी पडली, हे ठाऊक असल्यामुळे मला त्या सौंदर्याकडे निर्धास्तपणे पाहवेना.

मी रेंगाळले ती ऑगस्टस एग यांच्या १८५८ मधील तीन चित्रांपाशी. पहिल्या चित्रात पत्नीचे परपुरुषाशी असलेले संबंध उघड करणारे पत्र नवऱ्याच्या हाती आहे आणि ती त्याच्या पायांशी पालथी पडली आहे. चिरलेल्या सफरचंदाचे एक अर्धुक जमिनीवर, तर दुसऱ्यात सुरी खुपसलेली. शेजारी दोघी मुलींनी रचलेला पत्त्यांचा बंगला ढासळतो आहे. पुढच्या दोन चित्रांत एकच चंद्र दिसतो: पोरक्या मुलींना पोटमाळ्याच्या खिडकीतून, आणि तान्ह्या बाळाला शालीखाली घेऊन थेम्सकाठच्या कमानीखाली बसलेल्या आईला. चित्रकाराला तिची कणव होती, हे मला मान्य आहे. तरीही तिला असे का वागावेसे वाटले, याचा एकही धागा तो देत नाही. आदल्याच वर्षीच्या कायद्याने पतीला केवळ पत्नीच्या व्यभिचारावरून घटस्फोट मिळू शकत होता, पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी कारण सिद्ध करावे लागे.

म्हणूनच एमिली मेरी ऑस्बर्न यांचे १८५७ मधील ‘नेमलेस अँड फ्रेंडलेस’ मला सर्वांत मोलाचे वाटले. सुतकी काळ्या वेशातली एक तरुण चित्रकर्ती भर पावसात लहान भावासह दुकानात आपले चित्र विकायला आली आहे. दुकानदार ते नाखुशीने न्याहाळतो आहे, आणि नर्तकीचे चित्र हाती धरलेले दोन पुरुष मान वर करून हिच्याकडे रोखून पाहत आहेत. ती खाली पाहत बोटांनी दोरी चाळवते आहे. बाईकडे पाहणाऱ्या नजरा इथे एका बाईनेच रंगवल्या आहेत. रॉयल अकादमी या कलासंस्थेच्या शाळेचे दार स्त्रियांना उघडावे, या १८५९ च्या अर्जावर ऑस्बर्न यांचीही सही होती. पुढच्याच वर्षी लॉरा हर्फर्ड यांना तिथे प्रवेश मिळाला, तोही चित्रावर नावाऐवजी केवळ आद्याक्षरे घातल्यामुळे.